बंद कपाट आणि सहा जोड्या: पुनर्विवाहानंतरच्या घराविषयी

तुमच्या पत्रातील हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या पुनर्विवाहाला आठ महिने झाले आहेत. पहिल्या विवाहाचा शेवट घटस्फोटात झाला. तुमचा सात वर्षांचा मुलगा तुमच्याजवळ राहतो आणि महिन्यातून दोनदा आपल्या वडिलांकडे जातो. तुमच्या पतींची पहिली पत्नी तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली आणि त्यांची मुलगी आता तेरा वर्षांची आहे. लग्नानंतर तुम्ही त्यांच्या घरी राहायला गेलात. पहिले दोन महिने मुलगी बऱ्यापैकी बोलत होती. मग एका सुट्टीच्या दिवशी, जागा व्हावी म्हणून, तुम्ही आतल्या खोलीतले बंद कपाट आवरायला घेतले. त्यात तिच्या आईचे कपडे होते. त्या दिवसापासून ती तुमच्याशी कामापुरतेच बोलते. रात्री पती तिच्या खोलीत तासभर बसतात, आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येतो आणि बाहेर बसलेल्या तुम्हाला आपण या घरात भाडेकरू आहोत असे वाटते. तिच्या एखाद्या वागण्याबद्दल बोलायला गेलात तर पती म्हणतात, ‘आत्ता राहू दे.’ नातेवाईक म्हणतात, तुम्हा दोघांचे एक मूल झाले की सगळे जुळून येईल. आणि तुमचा प्रश्न असा आहे: ‘मी तिच्यावर पोटच्या मुलीसारखी माया करते आहे, तरी माझे काय चुकते आहे?’

तुमच्या मायेत काही उणे आहे असे मला पत्र वाचताना कुठेही वाटले नाही. मात्र चौघांचे एक कुटुंब एकाच वेळी उभे राहावे ही जी अपेक्षा तुम्ही मनाशी धरली आहे, ती तुम्हाला थकवते आहे आणि त्या मुलीलाही. पुनर्विवाहातून तयार झालेली शेकडो घरे मी समुपदेशक म्हणून जवळून पाहिली आहेत आणि त्यांतून माझे एक मत पक्के झाले आहे: असे घर एकदम जुळत नाही, ते जोडीजोडीने जुळते. तुमच्या घरात चार माणसे आहेत, म्हणजे सहा जोड्या आहेत. त्यांतल्या दोन जुन्या आणि मुरलेल्या आहेत: तुम्ही आणि तुमचा मुलगा, तुमचे पती आणि त्यांची मुलगी. एक नवी आहे, पण दोघांनी आपखुशीने निवडलेली: तुम्ही पती-पत्नी. उरलेल्या तीन जोड्या कोणीही निवडलेल्या नाहीत. तुम्ही आणि ती मुलगी, तुमचे पती आणि तुमचा मुलगा, आणि ही दोन मुले आपसांत. या तीन जोड्यांतील माणसे एकत्र आली ती केवळ तुम्ही दोघांनी लग्न केले म्हणून. सहाही जोड्यांकडून सारख्याच जवळिकीची अपेक्षा ठेवली, तर सर्वांत नाजूक जोडी आधी तुटते. तुमच्याकडे तेच झाले आहे.

पहिल्या विवाहात क्रम सरळ असतो. आधी दोघे एकमेकांना ओळखतात, मग मूल येते, आणि मुलाच्या जन्माआधीच घराच्या सवयी ठरलेल्या असतात. पुनर्विवाहात हा क्रम उलटा होतो: आई किंवा वडील आणि मूल यांचे नाते पती-पत्नीच्या नात्यापेक्षा वयाने मोठे असते. एमिली आणि जॉन व्हिशर या अमेरिकी दांपत्याने हा मुद्दा फार आग्रहाने मांडला. एमिली मानसशास्त्रज्ञ, जॉन मनोविकारतज्ज्ञ. दोघांचाही पुनर्विवाह आणि दोघांचीही पहिल्या विवाहातील चार-चार मुले. आठ मुलांचे घर चालवताना जे अनुभवले त्यातूनच त्यांनी १९७९ साली अशा कुटुंबांसाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पहिल्या विवाहातील कुटुंबाची मोजपट्टी या घराला लावू नका, हे त्यांचे सांगणे आजही मला सर्वांत उपयोगी वाटते.

काळाविषयी थोडे आकडे देते, कारण ‘वेळ द्या’ हा सल्ला आकड्यांशिवाय ऐकणाऱ्याला पोकळ वाटतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स ब्रे यांनी सुमारे २०० कुटुंबांचा नऊ वर्षे अभ्यास केला आणि पहिली दोन वर्षे सर्वांत ओढाताणीची असतात असे त्यांना आढळले. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाव यांनी अशा घरांच्या वाटचालीचे सात टप्पे मांडले. त्यांच्या मते झपाट्याने पुढे जाणाऱ्या कुटुंबालाही चारेक वर्षे लागतात आणि बहुतेकांना सातच्या आसपास. तुमचे आठ महिने या हिशेबात कुठे बसतात ते पाहा. जे वाट्याला आले आहे ते अपयश नाही, तो पहिल्या वर्षाचा नेहमीचा ताण आहे. त्यात एका चुकीची भर पडली आहे. ती दुरुस्त होण्यासारखी आहे आणि तिच्याकडे मी शेवटी येते.

आता रात्रीच्या त्या एका तासाविषयी. पेपरनाव यांनी अशा घरांतील माणसांसाठी ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ असे शब्द वापरले आहेत. ज्याचे मूल आहे तो कायम आतला राहतो, कारण त्याला मूलही धरून असते आणि जोडीदारही. नवा जोडीदार मात्र त्याच त्या क्षणी पुन्हापुन्हा बाहेरचा होतो. दार बंद, आत हसणे, बाहेर तुम्ही. हे दुःख खरे आहे आणि ते तुम्हाला होते याची तुम्ही लाज बाळगू नये. परंतु दाराच्या आतून हेच दृश्य कसे दिसते त्याचाही विचार करा. त्या मुलीची आई गेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढची सव्वादोन वर्षे त्या घरात ती आणि तिचे वडील एवढीच माणसे होती. तुमच्या लग्नाने तुम्हाला एक माणूस मिळाले, तिच्या वाट्याचे मात्र अर्धे गेले; निदान तिला तसे वाटते. तो एक तास म्हणजे तिच्याकडे उरलेले जुने घर आहे. तो बंद करू नका, कमी करायला सुचवूही नका. उलट पतींना सांगा की तो तास पक्का ठरवा आणि चुकवू नका. जे मिळणारच याची खात्री असते, त्यासाठी मुले भांडत नाहीत.

त्याच वेळी तुमच्यासाठीही तितकीच पक्की वेळ हवी. मुलीच्या खोलीतून बाहेर आल्यावर पती थेट झोपायला जात असतील, तर ती तक्रार योग्य आहे आणि ती त्यांच्यापाशीच करायला हवी, मुलीपाशी नव्हे. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, फक्त तुम्ही दोघे, आणि त्या अर्ध्या तासात मुलांचा विषय नाही, इतका साधा नियमही पुरतो. तसाच वेळ तुमच्या मुलाला एकट्याने तुमच्याबरोबर मिळायला हवा. नव्या घरात आल्यावर आपण सगळ्यांनी सगळे एकत्रच करायचे असा हट्ट धरला, की प्रत्येक मुलाच्या वाट्याचे आपले माणूस कमी होत जाते. चौघांची सहल महिन्यातून एकदा पुरे आहे. जोड्यांचा वेळ रोज लागतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही तिच्यावर पोटच्या मुलीसारखी माया करता असे लिहिले आहे. हेच तिला जड जात असावे. मुलांच्या मनात निष्ठेचा एक हिशेब चालू असतो आणि तो मोठ्यांना सहसा दिसत नाही. नवी आई वाईट वागली, तर मुलाला तिच्यावर रागावणे सोपे असते. ती चांगली वागली, मुलाला आवडू लागली, की ‘मग माझ्या आईचे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. पहिले दोन महिने ती तुमच्याशी बोलत होती, याचा अर्थ तुम्ही तिला आवडू लागला होतात, असे मी धरून चालते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या बारा वर्षांच्या एका मुलीला मी कागद देऊन घराचा नकाशा काढायला सांगितला होता. तिने चार खोल्या काढल्या, प्रत्येक खोलीत माणसे काढली, भिंतीवर गेलेल्या आईची तसबीर काढली, आणि स्वतःला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवले. मी विचारले, इथे का? ती म्हणाली, ‘इथून तसबीरपण दिसते आणि स्वयंपाकघरपण.’ स्वयंपाकघरात तिची नवी आई होती. दोघींपैकी कोणालाही पाठ दाखवावी लागू नये, म्हणून ती मुलगी जिन्यावर बसली होती. तुमची मुलगीही अशाच एखाद्या पायरीवर बसली आहे, असे समजून वागा.

यावर करण्यासारखे एक काम आहे आणि ते शब्दांनी करायचे आहे. तिला एकदा, फार गंभीर न होता, स्पष्ट सांगा: ‘तुझी आई ती तुझी आईच. ती जागा मला नको आहे. मी तुझ्या घरातली एक मोठी माणूस आहे, तुला कधी काही लागले तर मी आहे.’ एवढेच. उत्तराची वाट पाहू नका, मिठी मारायला जाऊ नका. ती खांदे उडवून निघून गेली तरी वाक्य पोचलेले असते. तिने तुम्हाला काय म्हणावे हेही तिच्यावर सोडा; नावापुढे काही लावून हाक मारली तरी चालेल. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चेर्लिन यांनी १९७८ मध्येच लिहिले होते की पुनर्विवाहातील नात्यांना धड शब्दसुद्धा मिळालेले नाहीत. आपल्याकडे शब्द आहे, पण तो असून नसल्यासारखा आहे. ‘सावत्र’ हा शब्द आपण पक्षपाताला, दुजाभावाला वापरतो. ‘सावत्र वागणूक’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. इतके ओझे लादलेला शब्द एखाद्या बाईच्या कपाळी पहिल्याच दिवशी लावायचा आणि तिने तो खोटा ठरवावा म्हणून तिच्याकडे डोळे लावून बसायचे, हा आपल्या समाजाचा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. तो खोटा ठरवण्याच्या धडपडीत अनेक बाया अति माया करू लागतात. तुमचेही तसे होत नाही ना, हे तपासून पाहा.

वयाचाही भाग आहे. मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात जवळजवळ तीस वर्षे घटस्फोट आणि पुनर्विवाह झालेल्या कुटुंबांचा पाठपुरावा केला. त्यात आणि इतरही अभ्यासांत पुन्हापुन्हा असे दिसले की लहान मुले नव्या पालकाला तुलनेने लवकर स्वीकारतात, वयात येणाऱ्या मुलांना ते सर्वांत कठीण जाते, आणि त्यातही मुलींना अधिक. या वयात मूल स्वतःच्या घरापासूनही थोडे दूर सरकू पाहत असते, आणि नेमक्या त्याच वेळी मोठी माणसे त्याला एका नव्या घरात ओढू पाहतात. म्हणून तुमचा सात वर्षांचा मुलगा पतींच्या मागेमागे फिरतो आणि तेरा वर्षांची मुलगी दार लावून घेते, यावरून कोणाच्या संस्कारांबद्दल निष्कर्ष काढू नका.

शिस्तीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. निदान पहिली दोन वर्षे प्रत्येक मुलाला शिस्त त्याच्या जन्मदात्यानेच लावावी. ओळख मुरण्याआधी नवा पालक अधिकार गाजवू लागला, की मूल नियमाविरुद्ध उभे राहतेच आणि माणसाविरुद्धही. याचा अर्थ तुम्ही घरात गप्प बसावे असा मुळीच नाही. नियम तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचे, मुलीला ते पतींनी सांगायचे, आणि पती घरी नसताना तुम्ही त्यांची आठवण द्यायची. ‘मी सांगते म्हणून मोबाईल ठेव’ आणि ‘बाबांनी नऊ वाजता मोबाईल बाहेर ठेवायचा असे ठरवले आहे, नऊ वाजले’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात तुम्ही मोजल्या जाता, दुसऱ्यात घराचा नियम. तिने ऐकले नाही तर त्या क्षणी झगडू नका. पती आल्यावर त्यांनी तो विषय तिच्याशी काढायचा. यासाठी पतींना ‘आत्ता राहू दे’ सोडावे लागेल. आई नसलेल्या मुलीला बोलायला बापाचे मन धजत नाही, हे मला समजते, पण त्या नरमाईची किंमत तुम्ही चुकवत आहात, आणि मुलगीही, कारण तिला कुंपण कुठे आहे तेच कळत नाही. मायाही द्यायची आणि मर्यादाही सांभाळायची, हे काम आज त्यांचे आहे. उद्धटपणाच्या बाबतीत तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते: ‘तुला ती आवडलीच पाहिजे असे नाही, पण तिच्याशी नीट बोललेच पाहिजे.’ प्रेमाची सक्ती करता येत नाही. सभ्यतेची करता येते आणि करावी. नेमका हाच नियम तुमच्या मुलाच्या बाबतीत तुमच्यावर लागू आहे: त्याला रागवायचे काम तुमचे, पतींनी त्याच्याशी आधी मैत्री करावी.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, कारण तो त्रास देत नाही. न कुरकुरणाऱ्या मुलाकडे लक्ष कमी जाते, म्हणून इथे थोडे थांबते. त्याचे वडील जिवंत आहेत, पण रोज घरात नाहीत. कुटुंबांच्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली: माणूस गेलेलेही नाही आणि असलेलेही नाही, त्यामुळे धड शोकही करता येत नाही. घटस्फोटातील मुलांचा वियोग पुष्कळदा असाच असतो. वडिलांकडून परत आल्यावर तो संध्याकाळभर चिडचिडा असतो, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा ‘तिथे काय काय केले?’ असे विचारू नका. एका घरातून निघून दुसऱ्यात शिरायला त्याला दोन-तीन तास लागतात. त्याला त्याच्या वस्तू जागेवर लावू द्या, बाकी काही नको. त्याच्या हाती वडिलांना कोणताही निरोप देऊ नका, पैशाचा तर नाहीच. आणि त्याच्या समोर त्याचे वडील आणि तुमचे पती यांची तुलना होऊ देऊ नका, कौतुकाचीसुद्धा.

दोन मुलांनी एकमेकांवर भावंडांसारखे प्रेम करावे, ही घाई मुळीच करू नका. त्यांना एकमेकांच्या वस्तूंना हात न लावण्याचा नियम आणि प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा एक खण द्या. तेवढे पहिल्या वर्षाला पुरते.

नातेवाईकांच्या सूचनेविषयी मी थोडक्यातच लिहिते. तुम्हा दोघांना मूल हवे असेल तर जरूर होऊ द्या, पण घर जोडण्यासाठी नको. जन्मलेल्या बाळावर चार माणसांची नाती सांधण्याची जबाबदारी टाकणे बरे नाही, आणि आधीच स्वतःची जागा शोधणाऱ्या मुलीला तो आणखी एक धक्का ठरू शकतो. घराची घडी थोडी बसू द्या.

कागदोपत्री बाजूचाही विचार लवकर करा. अनेक देशांच्या कायद्यांत केवळ लग्नाने नव्या जोडीदाराला मुलाचे पालकत्व किंवा मुलाला वारसाहक्क आपोआप मिळत नाही. शाळेत किंवा दवाखान्यात सही कोणी करायची, मृत्युपत्रात कोणाचे नाव, गेलेल्या आईची मालमत्ता मुलीच्या नावे कशी राहील, हे वकिलाकडे एकदा दोघांनी बसून स्पष्ट करून घ्या आणि मुलीला वयाला साजेसे सांगा. आपल्या आईचे जे आहे ते आपलेच राहणार, हे कळले की मुलांच्या मनातील एक मोठी धास्ती कमी होते.

मुलीची झोप किंवा खाणे महिनाभर बिघडलेले राहिले, अभ्यासात ती अचानक मागे पडली, मैत्रिणी सुटल्या, स्वतःला इजा करण्याचे किंवा जगून काय उपयोग असे काही बोलली, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाशी संपर्क साधा. तुम्ही वर्णन केले आहे त्यात मला आज तसे काही दिसत नाही.

राहिले ते कपाट. शोकाचे अभ्यासक फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डेन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसले की मुले गेलेल्या पालकाला सोडून पुढे जात नाहीत. ती त्याच्याशी बोलतात, तो आपल्याकडे पाहतो आहे असे मानतात, आणि बहुतेकांनी त्याची एखादी वस्तू जवळ ठेवलेली असते. पुढे १९९६ मध्ये सिल्व्हरमन, डेनिस क्लास आणि स्टीव्हन निकमन यांनी यालाच ‘टिकून राहणारे बंध’ असे म्हणून तो शोकाचा निरोगी भाग असल्याचे मांडले. तुमच्या लेखी त्या दिवशी तुम्ही जागा करत होतात. तिच्या लेखी तिच्या आईला कोणी घरातून बाहेर काढत होते, आणि वडील ते पाहून गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा राग ती तुमच्यावर काढते आहे, कारण त्यांच्यावर काढणे तिला परवडणारे नाही.

म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी असे करा. आधी तुम्ही तिची माफी मागा, कारणे न देता: ‘मी तुला न विचारता ते कपाट उघडले, ते चुकले.’ मग पतींनी आणि तिने दोघांनी मिळून ते कपाट उघडावे. काय ठेवायचे, काय कोणाला द्यायचे, काय तिच्या खोलीत न्यायचे, हे तिने ठरवावे. काहीही हलवायचे नाही असे ती म्हणाली तर काहीही हलवू नये आणि तुमच्या कपड्यांसाठी दुसरे कपाट आणावे. पतींनी तिला त्या कपड्यांच्या आठवणी सांगाव्यात, कोणता कधी घेतला, कोणत्या प्रसंगी नेसला किंवा घातला ते. रडू आले तर येऊ द्यावे. ते दोन-तीन तास तुम्ही मुलाला घेऊन बाहेर जा. परत आल्यावर काय झाले हे विचारू नका. तिने आपणहून एखादी वस्तू दाखवायला आणली, तर हातातले काम ठेवून ती नीट पाहा आणि तिच्या आईबद्दल एक प्रश्न विचारा.